सिस्टर गेलत्या

धाकटीने परवा व्हिडिओ कॉलवर विचारले, "आजी, तू खरंच टीव्हीवर बातम्या द्यायचीस?" मागून तुमच्या आईचे हसणे ऐकू आले. मी हो म्हटले आणि विषय माझ्या गुडघ्यांकडे नेला. फोन ठेवल्यावर वाटले, नीट उत्तर द्यायला हवे होते. तुम्हाला शाळेत आजी-आजोबांच्या कामाबद्दल लिहून न्यायचे आहे असे कळले. शाळेसाठी तुम्ही हवे ते लिहा. हे शाळेसाठी नाही. तुम्हाला मराठी हळूहळू वाचता येते, म्हणून अक्षर मोठे काढते आहे आणि वाक्ये शक्यतो लहान ठेवते आहे.

तुम्ही तिकडे जे बघता तसे काही इथे नव्हते. काचेची इमारत नाही, दारात उभी गाडी नाही. मी बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथला, केबलच्या बातम्या वाचत असे. केबलवाला घरोघर वायर टाकून सगळी चॅनेल दाखवी आणि त्यातले एक चॅनेल त्याचे स्वतःचे असे. त्यावर दिवसभर लग्नाच्या हॉलच्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती चालत, आणि संध्याकाळी सात वाजता वीस मिनिटे गावच्या बातम्या. त्या मी वाचत असे. सतरा वर्षे वाचल्या.

मी मूळची इथली नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, लग्न होऊन इथे आले. तुमचे आजोबा वीज केंद्रात होते. कॉलनीत कपडे वाळत घालायच्या आधी दोरी पुसावी लागे, नाहीतर राखेची काळी रेघ थेट सदऱ्यावर उठे. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. कॉलनीच्या गणपतीत सूत्रसंचालन मीच करी. ते ऐकून एक दिवस केबलवाले शेठ घरी आले. त्यांचे टीव्ही-फ्रिजचे दुकान होते. सोफ्याच्या अगदी कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, तुमचं बोलनं एकदम शुद्ध हाय. आपल्या बातम्या बघून लोकांला वाटलं पायजे, की ह्या मुंबईहून यायल्यात."

मला ते आवडले. आज लाज वाटते, पण तेव्हा फार आवडले.

स्टुडिओ म्हणजे दुकानामागची खोली. फ्रिजची रिकामी खोकी एका भिंतीला रचलेली, दुसऱ्या भिंतीला निळे कापड. दोन मोठे दिवे. पंख्याचा आवाज माइकमध्ये येई म्हणून तो बंद. कॅमेरा शेठ स्वतःच चालवत. मोठ्या चॅनेलमध्ये बातमी समोरच्या काचेवर उमटते आणि निवेदक ती वाचतो. आमच्याकडे मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत बातम्या लिहून नेई. ती पाने कॅमेऱ्याखाली एका स्टँडला लावलेली असत आणि शेठ डाव्या हाताने एकेक उलटत. त्यामुळे सतरा वर्षे माझी नजर शेठच्या पोटाच्या उंचीवर राहिली. लोक म्हणत, बाई किती विनम्र आहेत, मान कशी खाली असते.

साड्या बाजारातल्या एका दुकानातून येत. पडद्याच्या तळाशी "साडी सौजन्य" अशी पट्टी फिरे. दुसऱ्या दिवशी साडी परत. बारीक चौकडीची किंवा रेघांची साडी कॅमेऱ्यात मुंग्या आल्यासारखी नाचते, म्हणून ती नको, हे मीच दुकानदाराला शिकवले. चार वाजता शाळेतून परस्पर जाऊन पावडर लावून बसायचे, पाच-सव्वापाचपर्यंत चित्रीकरण, सातला प्रक्षेपण, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तेच पुन्हा. नळाला पाणी कोणत्या भागाला कधी, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले भाव, महाशिवरात्रीला देवळाकडची वाहने कुठून वळवणार, कोणाची म्हैस हरवली, कोण वारले, कोणाचा वाढदिवस. मोठी बातमी क्वचितच. भाजीवाली मला म्हणे, "टीव्हीत लई गोऱ्या दिसता वो बाई. हितं न्हाई दिसत." मी हसून कोथिंबीर घेई.

आसपासच्या गावांतून बातम्या आणायला शेठनी एक बातमीदार ठेवला होता. बियाण्यांचे दुकान असलेला, चाळिशीतला, हसतमुख माणूस. मोटारसायकलवर हिंडे, छोट्या कॅमेऱ्यात चित्र घेई आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी देई. चिठ्ठी तो बोलतो तशीच लिही. ती शुद्ध करणे माझे काम. मी त्यासाठी एक वहीच केली होती. डाव्या बाजूला इथला शब्द, उजव्या बाजूला पुस्तकी. कावून म्हणजे का. हाय म्हणजे आहे. गेलतो म्हणजे गेलो होतो. वही पहिल्या तीन-चार वर्षांतच भरली आणि मग उघडायची गरज पडेना. इथली भाषा मला आता येते, असे मी समजून चालले.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते. तिच्यामुळेच परवा मी विषय बदलला.

पावसाळ्याचे दिवस होते. बातमीदार भिजून आला आणि शेठला म्हणाला, "आज लई भारी हाय. उपकेंद्राच्या दारात बाई बाळंत झाली. ट्रॉलीत. दाराला कुलूप!"

उपकेंद्र म्हणजे गावातला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना. तिथे डॉक्टर नसतो, एक परिचारिका असते. तिला सगळे सिस्टर म्हणतात. गावाचे नाव मी लिहीत नाही. चित्रात ट्रॅक्टरची ट्रॉली दिसत होती, वर ताडपत्री, बायका लुगड्यांचा आडोसा धरून उभ्या, आणि मग बाळाचे रडणे. बाळ आणि आई दोघेही ठीक होते, हे आधीच सांगून ठेवते. मग बातमीदाराचा आवाज, "सिस्टर कुठं हायत?" समोर एक म्हातारा. तो म्हणाला, "सिस्टर गेलत्या." तिथे चित्र संपले होते. बातमीदाराने पुढे कुलपाचे चित्र घेतले होते, बराच वेळ, अगदी जवळून.

चिठ्ठीतही तेच. सिस्टर गेलत्या.

मी कॅलेंडरचे पान घेतले आणि लिहिले, "आरोग्यसेविका कर्तव्यावर हजर नव्हत्या. त्या गावाबाहेर गेल्या होत्या." मार्करचा वास अजून आठवतो. 'गावाबाहेर' हा शब्द कुणीच म्हटलेला नव्हता. वाक्य लंगडे वाटत होते, गेल्या होत्या तर कुठे तरी गेल्या असणार, म्हणून मी तो घातला. शाळेत मुलांना इंग्रजीत शिकवी, कोण, काय, कुठे, केव्हा, हे प्रश्न विचारल्याशिवाय निबंध लिहू नका. बातमीदार समोरच टॉवेलने डोके पुसत उभा होता. त्याला 'कुठे?' एवढे विचारायला दोन क्षण लागले असते. मी विचारले नाही. सरकारी सिस्टर जागेवर नसणार, हे मला विचारण्यासारखे वाटलेच नाही. तसे मी तोवरच्या चौदा वर्षांत किती तरी वेळा वाचले होते.

सात वाजता ती बातमी पहिली लागली. सकाळी आठला पुन्हा. शेठना फोन आले, फार छान झाली म्हणून.

दुसऱ्या रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. पांढऱ्या साडीत, पंचेचाळिशीची एक बाई, खांद्याला पर्स, चपला चिखलाने भरलेल्या. चपला दाराबाहेर काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही.

"तुमीच का बातम्यावाल्या बाई?"

"हो. या ना, बसा."

"बसायला न्हाई आले. एक इचारायला आले. मी कुठं गेलते?"

"म्हणजे?" मी विचारले.

"सांगा की. तुमी सांगितलं ना सगळ्या तालुक्याला, सिस्टर गावाबाहेर गेलत्या. मंग कुठं गेलते मी? माहेरला? सिनेमाला?"

मी म्हटले, "तुमच्याच गावचा माणूस म्हणाला, गेलत्या म्हणून."

"बरोबर म्हनला त्यो. गेलतेच मी. त्याच बाईकडं गेलते, मळ्यातल्या वस्तीवर. त्यायचा निरोप आला, पोट दुखायलंय. मी पिशवी घेतली, दाराला कुलूप लावलं, आन् पाणंदीनं निघाले, गुडघाभर चिखलातून. त्यायला दम निघाला न्हाई. त्यायनी तिला ट्रॉलीत घातलं आन् सडकेनं इकडं आनलं. मी त्यायच्या दारात, त्ये माझ्या दारात. चुकामूक झाली मॅडम. पळत माघारी आले तवर तुमचा कॅमेरेवाला निघून गेलता. नाळ मीच कापली. त्ये दाखवलं का तुमी?"

ती बोलतच राहिली, पण आवाज चढवून नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तिला कारणे दाखवा नोटीस आली होती. त्याहून वाईट म्हणजे, तिच्याकडे ज्या चार वस्त्या होत्या तिथल्या बायका आठवड्याच्या लसीकरणाला आल्या नव्हत्या. "सिस्टर जाग्यावर नसतेत, कशाला जायचं," असे एकमेकींना सांगू लागल्या होत्या. ज्या वस्तीवर ती गेली होती तिथे खरे माहीत होते, पण बाकी तिन्हीकडे टीव्हीचेच खरे.

"अकरा वर्सं झाली मला हितं," ती म्हणाली. "आमी बौद्धवाड्यातली मानसं. पैल्या वर्सी माझ्या हातचं पानी घ्यायला बाया मागंपुढं बघायच्या. पोरायला सुई टोचून टोचून नाव कमावलं. तुमी एका वाक्यात घालवलं. मला माझं नाव परत द्या. टीव्हीत द्या, तुमच्याच तोंडानं. कागूद नगं."

पाणी हवे का म्हणून मी विचारले. ती नको म्हणाली आणि गेली. त्या दुपारी मी तुमच्या आजोबांना सांगितले. ते म्हणाले, "तू मुद्दाम तर केलं नाहीस." नाही, मुद्दाम नव्हते केले. पण त्याने मला बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी शेठना म्हटले, आज सगळ्यांत आधी खुलासा वाचायचा. शेठ दिवे लावत होते.

"मॅडम, खुलासा पेपरात असतो. टीव्हीत एकदा गेलं ते हवेत गेलं. चार दिवसात इसरतेत लोक."

"तिच्या वस्त्यांवरचे विसरलेले नाहीत."

"मंग खाली पट्टी फिरवू. साडीच्या पट्टीमागं."

"पट्टी कोण वाचतं शेठ? तिच्या बायका ऐकतात, वाचत नाहीत."

बातमीदार दारात उभा होता. शेठ त्याच्यावर घसरले. "तू कावून रे पुढचं रेकॉर्ड न्हाई केलंस? म्हातारा पुढं काय बोलला?"

"बोलला की," तो पडेल आवाजात म्हणाला. "वस्तीवर गेलत्या म्हनला. मला वाटलं कुलूप घ्यावं आधी, तवर उजेड होता."

"कुलूप पळून चाललं होतं का बे?"

मग शेठ माझ्याकडे वळले. त्यांचे म्हणणे असे, की आज एक खुलासा दिला तर उद्या ज्याची त्याची रांग लागेल. म्हशीवाला येईल, पाणीपुरवठ्यावाले येतील. बातम्यांवर लोकांचा विश्वास राहणार नाही. मी म्हटले, खुलासा होईपर्यंत मी वाचणार नाही, आणि पर्स घेऊन निघाले. फार धीराने केले असे समजू नका. मला त्या खुर्चीची सवय झाली होती. बाजारात ओळखले जायची सवय झाली होती. नऊ दिवस शेठ स्वतः बातम्या वाचत होते. कॅमेरा कोण धरत होते माहीत नाही. पान उलटताना ते अडखळत, आणि मी घरी बसून ते बघत असे. कबूल करते, मला थोडे समाधान वाटे.

त्याच दिवसांत मी नोटीस काढणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिले, की मूळ शब्द 'गेलत्या' असा होता, 'गावाबाहेर' हा शब्द माझा, चूक माझी. तिथल्या साहेबांनी बोलावून घेतले. ते इथलेच होते. पत्र दोनदा वाचून म्हणाले, "मॅडम, इतकी वर्सं परळीत राहून तुमाला गेलत्या कळलं न्हाई?" मी म्हटले, "शब्द कळला होता, साहेब." त्यांनी पत्रावर सही केली. तिची नोटीस ताकीद देऊन निकाली निघाली. ताकीद कशाची, हे मला अजून समजलेले नाही.

दहाव्या दिवशी शेठचा फोन आला. "या मॅडम. एकदा वाचा, पन लहान वाचा."

मी लहानच वाचले. "मागील महिन्यात आम्ही दिलेली बातमी चुकीची होती. सिस्टर गावाबाहेर गेल्या नव्हत्या. त्या त्याच बाळंतिणीच्या घरी, वस्तीवर गेल्या होत्या. ही चूक माझी आहे." एवढेच. शेठनी पान उलटले. त्यानंतर मोंढ्यातले भाव होते.

मी सिस्टरला आधीच फोन करून ठेवला होता, आज सातला बघा. साडेसातला मीच पुन्हा केला.

"बघितलं?"

"काय बघनार मॅडम? लाईटच न्हाई."

तेव्हा भारनियमन असे. परळीत वीज तयार होई, पण आजूबाजूच्या गावांना ती पाळीपाळीने मिळे. एक आठवडा सकाळ-संध्याकाळ अंधार, दुसरा आठवडा उजेड. पाळीचा तक्ता मीच दर सोमवारी वाचून दाखवी. त्या आठवड्यात संध्याकाळी सहा ते नऊ आणि सकाळी सहा ते नऊ तिच्या भागात वीज नव्हती. सातची वेळ गेली, सकाळची आठचीही जाणार होती. बदनामीच्या आठवड्यात लाईट होती, खुलाशाच्या आठवड्यात नव्हती. मला हसू आले आणि त्याच वेळी इतका थकवा आला की मी फोन हातात धरून नुसती बसून राहिले.

"ऐकायलात का मॅडम?"

"ऐकते आहे."

"ऱ्हाऊ द्या आता. तुमी केलं तुमचं."

शेठ तिसऱ्यांदा लावणार नव्हते, हे मला माहीत होते. मी विचारले, "लसीकरण कोणत्या दिवशी असतं?"

"बुधवारी. कावून?"

"मी येते."

बुधवारी शाळेत रजा टाकली आणि एसटीने गेले. साडी माझी स्वतःची होती, चौकडीची. उपकेंद्राच्या ओट्यावर सिस्टरने सतरंजी घातली होती. लसींचा गार डबा, कार्डांचा गठ्ठा, वजनाचा काटा. दहा वाजेपर्यंत गावातल्याच सात-आठ बायका आल्या होत्या. वस्त्यांवरून कुणी नाही. मग हळूहळू कुजबूज झाली, की टीव्हीतली बाई आली. त्यासाठी म्हणून वस्त्यांवरच्या काही जणी आल्या. मुले कडेवर होतीच.

मी उभी राहिले आणि बोलायला लागले. कळले की मी बातमी वाचते आहे. तोच आवाज, तेच थांबे. "मागील महिन्यात आम्ही दिलेली बातमी..." एक बाळ रडायला लागले, त्याची आई उठून बाजूला गेली, दोघी-तिघी तिच्यामागे बोलत गेल्या. कुणी ऐकत नव्हते. टीव्हीसमोरही लोक असेच बोलत बसत असतील, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

मी खाली बसले. सतरंजीवर पुढेच एक म्हातारी होती, मांडीवर नातू. तिला म्हटले, "आजी, त्या दिवशी सिस्टर कुठं गेलत्या ठाऊक हाय का?"

माझे स्वतःचे म्हणून ते 'गेलत्या' माझ्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडले. म्हातारी हसली.

"न्हाई बा. तूच तर म्हनलीस, गावाभायेर."

"खालच्या मळ्यात गेलत्या. त्या बाळंतिणीच्याच घरी. आणि ती माणसं ट्रॅक्टर घेऊन इकडं आली. वाटेत गाठच पडली नाही."

"आन् तुला ठाव नव्हतं?"

"मी विचारलं नाही."

"न इचारताच बोललीस?"

"हो."

"म्हंजे खोटं बोललीस."

"चुकून बोलले."

"चुकून बोललीस, पन खोटंच की माय." तिने मागे वळून जोरात हाक दिली. "अगं इकडं या गं! ही बाई म्हनती, म्या खोटं बोलले! सिस्टर मळ्यात गेलत्या म्हनं, त्याच पोरीकडं!"

मग सगळ्या आल्या. माझ्या चार वाक्यांचे काम तिच्या एका हाकेने झाले. एकीने मला विचारले, टीव्हीत का सांगत नाही. मी सांगितले, सांगितले होते, तुमच्याकडे लाईट नव्हती. त्यावर सगळ्या एकदम हसल्या. कोणी तरी म्हणाली, "लाईट असती तरी आमी मालिका बघितली असती." मग एकीने पदरातून मुलाचे कार्ड काढले, दुसरीने काढले. सिस्टर इतका वेळ सुईच्या डब्याशी पाठ करून उभी होती. ती वळली आणि मला म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला सरका. माझी लाईन अडायलीय."

मी सरकले. दुपारी दीडपर्यंत भिंतीला टेकून बसले. बायका येत होत्या, मुले किंचाळत होती, सिस्टर प्रत्येकीला नावाने हाक मारत होती. ट्रॉलीतले बाळ आले नाही. त्याचा पहिला डोस याच बुधवारी होता. ती माणसे भेदरली होती म्हणे. आपल्यामुळे सिस्टरला नोटीस आली, आता तिच्या समोर कसे जायचे, म्हणून त्यांनी बाळाला परळीला खासगी डॉक्टरकडे नेले. सिस्टरने त्याच्या नावापुढे काही तरी लिहिले आणि रजिस्टर मिटले.

"किती आल्या?" मी विचारले.

"निम्म्या. बाकीच्या फुडच्या बुधवारी येतील. न्हाई आल्या तर मी जाते."

"माझ्यावर अजून राग आहे?"

"हाय की." तिने डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "राग हाय म्हनून काय उपाशी पाठवू? खावा." थोड्या वेळाने म्हणाली, "एक करा. हिकडची कायबी बातमी असली तर आधी मला फोन लावा. मी सांगते खरं काय ते."

मी आणखी तीन वर्षे वाचत राहिले. पूर्वीसारखी गोडी राहिली नव्हती. एका चिठ्ठीसाठी तीन-तीन फोन करू लागले, त्यामुळे चार वाजता बसायचे ते साडेपाच होऊ लागले, शेठ घड्याळाकडे बघू लागले. मग त्यांनी लातूरकडची एक मुलगी आणली. ती न अडखळता भराभर वाचते आणि मोबाइलवरही दिसते. मला त्याचे दुःख झाले नाही. दमले होते.

पण त्या तीन वर्षांत त्या भागातले काहीही आले, विहीर खचली, साथ आली, शाळेचे पत्रे उडाले, की मी आधी सिस्टरला फोन लावी. मी म्हणे, "सिस्टर, एक विचारायचं होतं." ती दर वेळी आधी तेच म्हणे, "इचारा मॅडम. पन पैलं लिहून घ्या, मी जाग्यावरच हाय." मग सांगे खरे काय ते, आणि मी 'कुठे' विचारायला विसरले तर तेही तीच सांगे.